समुद्राकडून घरी आलेला बैल

३० ऑगस्ट, शनिवार

आज ठरलं. म्हणजे मी ठरवलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. आमच्या या डोंगरातल्या तोमोहोनात फुलांचा उत्सव होतो, गाण्याच्या स्पर्धा होतात, लग्नाच्या पंगती तर संपता संपत नाहीत. पण पुस्तकं वाचणाऱ्या पोरांसाठी कुणी कधी चार खुर्च्या मांडल्या नाहीत. आता मांडायच्या. सत्तावीस सप्टेंबर, चर्चचं सभागृह, लहान वाचकांचा मेळा.

समिती तिघांची. मी, सहावीची वर्गशिक्षिका, अख्ख्या गावाची एन्ची, म्हणजे बाई. व्होनी, जिची चौकात बेकरी आहे आणि जिला कुठल्याही कार्यक्रमात आपली कोलिंतांगवाली मंडळी घुसवायची असतात. एकदा का लाकडी पट्ट्या बडवायला लागली की ती थांबतच नाहीत. आणि माझा नवरा योचे. तो म्हणतो, मी समितीत नाही. पण त्याच्या फुलांच्या वाफ्यांवरून ट्रक आल्याशिवाय समितीचं पान हलत नाही.

पाहुणी म्हणून मी लेखिका ओमा ग्रेचेंचं, म्हणजे ग्रेचे आजींचं, नाव काढलं. जन्म इथल्याच डोंगरातला, पण आयुष्य गेलं जकार्तात. समुद्र बघायला निघालेल्या गेंबो बैलाची त्यांची गोष्ट माझ्या वर्गातल्या पोरांना तोंडपाठ आहे.

"ती कशाला येतेय?" व्होनी म्हणाली. "त्यापेक्षा माझी मंडळी बरी. बोलावलं की येतात."

"आणि हाकलल्याशिवाय जात नाहीत," योचे म्हणाला.

व्होनी रागावून उठली. जाताना आणलेले पाव मात्र ठेवून गेली.

४ सप्टेंबर, गुरुवार

ओमा येणार! मी तीन पानी पत्र लिहिलं होतं, माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात. उत्तर काय, तर फोनवर आवाजातला निरोप. बाईंना एक ओळ लिहायचे कष्ट नकोत.

आणि अटी! स्टेज बुटकं हवं. पुस्तकांवर सह्या करणार नाही. वाचून दाखवणार नाही, फक्त गप्पा मारीन. सोबत भाची सेल्व्ही येईल, तिला माझ्याच खोलीत जागा द्या.

योचेनं निरोप दोनदा ऐकला. "आवाज छान आहे गं. शेतात लांबच्या माणसाशी बोलतात ना, तसा."

"नखरे आहेत नुसते," मी म्हटलं.

वाचून न दाखवण्याचं मी व्होनीला सांगितलेलं नाही. कारण शाळांना पाठवलेल्या निमंत्रणात मी आधीच छापून टाकलंय: 'ओमा ग्रेचे स्वतः गोष्ट वाचून दाखवतील.' आता काय करायचं? मला वाटतं, एवढी पोरं समोर बघितली की विरघळतील. लेखकांना थोडं ढकलावं लागतं. माझ्या वर्गात हुशार पोरांनाही ढकलावंच लागतं.

१३ सप्टेंबर, शनिवार

डोंगराखालच्या शाळाही येणार म्हणाल्या. मी हरखले, पण सभागृह ज्यांच्या ताब्यात आहे त्या वडीलधाऱ्या एंगको पालिट यांचा चेहरा पडला. गेल्या वेळी गाण्याच्या स्पर्धेत कंटाळलेल्या पोरांनी खुर्च्यांची आगगाडी केली होती आणि ती थेट वेदीवर नेऊन धडकवली होती.

"मेईती," ते म्हणाले, "या वेळी आगगाडी निघाली, तर तुमच्या मेळ्याला सभागृह पुन्हा मिळायचं नाही. आताच सांगून ठेवतो."

"ओमा वाचायला लागल्या की टाचणी पडलेली ऐकू येईल," मी म्हटलं. आणि घरी येऊन निमंत्रणातलं ते वाक्य पुन्हा वाचलं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

आजच्या दिवसाचं काय सांगू? सकाळी छापखान्यातून फलक आला. 'समुद्र बघायला निघालेला बैल' असं मोठ्या अक्षरांत हवं होतं. बैलाला आपल्याकडे सापी म्हणतात. छापणाऱ्यानं सापू केलं. समुद्र बघायला निघालेली केरसुणी! फलक सभागृहाच्या दारावर चढवून झाल्यावर हे माझ्या लक्षात आलं, आणि तेवढ्यात व्होनीची पावाची गाडी ओमांना विमानतळावरून घेऊन दारात हजर.

ओमा छोट्याशा, ताठ, पांढऱ्या केसांचा अंबाडा. काळा चष्मा, डोंगरातल्या या ढगाळ हवेत! जकार्ताची हौस, दुसरं काय. सेल्व्ही त्यांच्या कोपराला चिकटलेली. फलकाखाली येऊन सेल्व्हीनं वर बघितलं, तिचे ओठ हलले, पण ती काही बोलली नाही. मी घाईघाईनं म्हटलं, "ओमा, हा तुमच्या स्वागताचा फलक." ओमांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "वा! किती सुंदर." एवढं मोठं मन! मी तर भारावून गेले. त्या आत गेल्याबरोबर योचेनं चुकीच्या अक्षरावर शेवंतीचा हार टांगला.

पण पुढच्या पाच मिनिटांत सगळं भारावणं उतरलं. माझ्या वर्गातली ग्लोरी गुच्छ घेऊन समोर उभी होती, हात लांब करून. ओमा तिच्या बाजूनं सरळ निघून गेल्या. पोरगी हमसून रडायला लागली. केरसुणी चालते, पण पोर दिसत नाही!

योचेनं ग्लोरीला जवळ घेतलं, तिच्या कानात काहीतरी सांगितलं. मग ती पळत ओमांपुढे गेली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ओमा, मी ग्लोरी, मी तुमच्यासाठी फुलं आणलीत!" ओमा थबकल्या, वाकल्या, फुलात नाक खुपसून म्हणाल्या, "ग्लोरीबाई, यात लिली आहे ना?" ग्लोरीचा राग गेला. माझा नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

व्होनी ओमांवर फिदा झाली आहे. आमच्या घरी न्याहारीला ओमांनी विचारलं, "टेबलावर काय काय आहे, सांग गं. मला पदार्थांची नावं ऐकायला आवडतात." मग काय, व्होनीनं भोपळ्याची पेज, धुरावलेला मासा, मिरचीची चटणी, बांबूतला भात, सगळ्यांची जन्मकथा सांगितली. ओमांनी पेजेत चमचा घालण्याआधी सेल्व्हीनं वाटी त्यांच्या हाताला लावून दिली. अशी कशी ही भाची? बाईंना लहान बाळ करून ठेवलंय. मी तिला बाजूला घेऊन म्हटलंसुद्धा, "त्यांना थोडं मोकळं सोड." ती माझ्याकडे बघतच राहिली.

दुपारी पोरांच्या चित्रांचं प्रदर्शन दाखवलं. ओमांनी एकाही चित्राकडे बघितलं नाही! प्रत्येक पोराला विचारत होत्या, "तूच सांग, काय काढलंयस?" पोरं तासभर बोलत होती. दोन शब्द बोलायला ज्याला मी चार महिने विनवतेय, तो ख्रिस्टोसुद्धा बोलला. आता याला आळस म्हणावं की शिष्टाचार, मला ठरवता येईना.

संध्याकाळी योचे त्यांना वाफ्यांवर घेऊन गेला. त्यानं पाटावर नवीन फळ्या टाकल्यात आणि वाटेवरची खतांची पोती हलवलीत. मी एवढ्या वर्षांत त्या पाटात दोनदा पडले, तेव्हा नाही सुचलं. तो पुढे चालत होता आणि सारखा बडबडत होता, "ओमा, आता डावीकडे गुलाब, आता जरा उतार." एरवी दिवसभरात दहा वाक्यं न बोलणारा माणूस!

परतल्यावर मी पुन्हा विषय काढला. "ओमा, उद्या दोनच पानं वाचाल?"

"पोरी, मी सांगितलंय ना, नाही म्हणून."

"पण मुलांनी किती वाट..."

"गप्पा मारीन. भरपूर."

त्या खोलीत गेल्यावर योचे म्हणाला, "मेई, नको वाचायला लावू."

"का?"

"त्या नको म्हणाल्या म्हणून. एवढं पुरत नाही तुला?"

नाही पुरत. उद्या भरल्या सभागृहात पुस्तक हातात दिल्यावर कोण नाही म्हणतंय?

२७ सप्टेंबर, शनिवार

आजचं आजच लिहायला हवं.

सभागृह खच्चून भरलं. खालच्या शाळांची पोरं खिडक्यांवर बसली. व्होनीच्या मंडळींनी ठरलेली दोन गाणी वाजवली, मग न ठरलेली चार. पोरं चुळबुळायला लागली. मागच्या रांगेत एक खुर्ची दुसरीला जोडली गेली, मग तिसरी. दारात एंगको पालिट हाताची घडी घालून उभे. मी स्टेजवर गेले, माईक हातात घेतला आणि म्हटलं, "आता ओमा ग्रेचे आपल्याला गेंबोची गोष्ट वाचून दाखवणार!" आणि पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं.

टाळ्यांचा कडकडाट. सेल्व्ही बाजूनं माझ्याकडे धावत आली, "एन्ची, नको..." पण पुस्तक तर गेलं होतं.

ओमांनी ते धरलं. कडेवरून बोट फिरवलं. उघडलं.

पहिल्या रांगेतून ख्रिस्टो ओरडला, "ओमा, पुस्तक उलटं आहे!"

सगळं सभागृह हसलं. मीही हसले. आणि हसता हसता मला त्यांची बोटं दिसली. ती पानावर अक्षरं शोधत नव्हती, पानाचा कोपरा शोधत होती. गुच्छ, पेजेची वाटी, भिंतीवरची चित्रं, योचेच्या फळ्या, सगळं एकदम डोक्यात उतरलं. मी काय केलं हे? माईक अजून माझ्याच हातात होता.

ओमांनी हात पुढे केला. मी माईक त्यात ठेवला.

"उलटं?" त्या म्हणाल्या. "मग बरोबर आहे. सुलटं तर तुम्ही रोजच वाचता. आज शेवटून सुरू करू. गेंबो समुद्रावर पोचलाय, पाय भिजवून झालेत, पोट भरून बघून झालंय. आता त्याला घरी जायचंय. पण मला रस्ता आठवत नाही. गोष्ट लिहून फार वर्षं झाली हो. समुद्राच्या आधी काय होतं?"

"मासळीबाजार!" सगळे एकदम.

"तिथे त्यानं काय केलं होतं?"

"म्हातारीची टोपली खाल्ली!"

"आणि आता तो उलटा चाललाय. म्हणजे?"

ग्लोरी उठून उभी राहिली. "टोपली ओकली!"

जो काही हशा झाला! मागच्या रांगेतली आगगाडी मोडली, कारण डबे पुढे पळत आले. खिडकीतलं एक पोरगं ओरडलं, "म्हातारी म्हणाली, धुऊन दे!" पुढे पूल आला. पुस्तकात गेंबो पुलावर हंसाला घाबरवतो. आता हंसानं गेंबोला घाबरवलं, आणि एवढा मोठा बैल पुलाच्या कठड्यावर चढून बसला. ओमा विचारत होत्या, पोरं सांगत होती, ओमा त्यात मीठमिरची घालून परत देत होत्या. खालच्या शाळेची आणि आमची पोरं एकमेकांचं बोलणं तोडत होती. व्होनीची मंडळीही राहवलं नाही म्हणून बैलाची पावलं वाजवायला लागली, आणि या वेळी योग्य जागी थांबली.

असं करत करत गेंबो पहिल्या पानाशी आला. आणि गोष्ट अडली. कारण पहिल्या पानावर गेंबो खुंट्याला बांधलेला आहे.

"ओमा," ख्रिस्टोनं विचारलं, "आता त्याला परत बांधणार?"

"पुस्तकात तरी बांधलेला आहे. तुम्ही सांगा."

"नाही बांधायचं!"

"मग नांगर कोण ओढणार? तुझा बाप?" खिडकीतलं एक पोरगं.

"त्याला विचारा ना, त्याला काय हवंय!"

"बैल बोलतो का?"

"या गोष्टीत बोलतो!"

भांडण जुंपलं. मी एरवी हात वर करा म्हटलं असतं, पण आज मला तोंड नव्हतं. शेवटी खालच्या शाळेतली एक बारकी मुलगी उठली. ती अख्ख्या कार्यक्रमात बोलली नव्हती. म्हणाली, "दावं गळ्यात राहू दे. फक्त गाठ मारू नका."

ओमा म्हणाल्या, "हे माझ्या पुस्तकात नाही. असायला हवं होतं."

त्यांनी चष्मा काढला. "आता मीही एक गाठ सोडते. मी हे पुस्तक वाचू शकत नाही, कारण मला दिसत नाही. दोन वर्षं झाली."

"काहीच नाही दिसत?" ख्रिस्टो. कालपासून त्याचं तोंड बंदच होत नाही, आणि आज ते बरं झालं.

"उजेड दिसतो. तू दिसत नाहीस. पण पहिल्या रांगेत बसतोस आणि तुझं नाक चोंदलंय, एवढं कळतं."

"मग तुम्हाला गोष्टी कोण वाचून दाखवतं?"

"सेल्व्ही. पण ती वाचता वाचता झोपते, आणि मग माझी पात्रं रात्रभर पुलावरच उभी राहतात."

कार्यक्रम संपल्यावर ओमांना वाचून दाखवायला पोरांची रांग लागली. ज्यांना सही हवी होती त्यांच्यासाठी एंगको पालिट स्वतः चर्चच्या कचेरीतून शाईची पेटी घेऊन आले. ओमांनी पुस्तकांवर अंगठे उठवले. एंगकोंनीही एक घेतला, नातीसाठी म्हणे. जाताना मला म्हणाले, "पुढच्या वर्षीची तारीख आधी सांगा. लग्नवाले मागे लागतात."

मी ओमांसमोर गेले नाही. धीर झाला नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

चर्चमधून आल्यावर गेलेच. त्या वाफ्यांजवळ बाकावर बसल्या होत्या.

"ओमा, मी मेईती."

"माहितीय. चपला आपटत चालतेस."

माफी मागायची वाक्यं मी चर्चमध्ये बसून तयार केली होती. एकही आठवलं नाही. "मी फार वाईट वागले," एवढंच म्हटलं.

"वागलीस खरी," त्या म्हणाल्या. "पुस्तक हातात आलं तेव्हा वाटलं, तुला ढकलून द्यावं स्टेजवरून. पण ते तुम्ही बुटकं केलंत, लागलं नसतं तुला."

मला रडू आणि हसू एकदम आलं.

"सांगायचं तरी होतंत, ओमा. मी सगळं नीट केलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं. दिसत नाही म्हटलं की लोक हळू आवाजात बोलतात, जशी काही मी झोपलेय. आणि मग बोलावतच नाहीत. तू मला दोन दिवस फसवायला बघत होतीस, मी तुला. फार दिवसांनी कुणीतरी माझ्याशी बरोबरीनं लबाडी केली."

योचेला विचारलं, तुला कधी कळलं? म्हणाला, पहिल्याच दिवशी, गुच्छाच्या वेळी.

"मला का नाही सांगितलंस?"

"त्यांचं गुपित होतं. माझं असतं तर सांगितलं असतं." आणि बादल्या उचलून चालू लागला. पंचवीस वर्षं संसार केला या माणसाशी.

सेल्व्हीचीही माफी मागितली. ती म्हणाली, "एन्ची, केरसुणीचं मात्र मी त्यांना त्याच दिवशी सांगितलं. गादीवर लोळून हसत होत्या."

२९ सप्टेंबर, सोमवार

ओमांना सोडायला पावाच्या गाडीतून खाली किनाऱ्यावरच्या मानादो शहरात गेलो. योचे चालवत होता. विमानाला वेळ होता, म्हणून ओमा म्हणाल्या, समुद्रावर थांबू. किनाऱ्याच्या कठड्यावर बसून आम्ही तळलेली केळी चटणीशी खाल्ली.

"काय दिसतंय, सांग," त्या म्हणाल्या.

मी घसा साफ केला. "निळाशार अथांग सागर पसरला आहे, क्षितिजावर..."

"निबंध नको गं. कोण काय करतंय ते सांग."

मी नीट बघितलं. "एका जाड्या माणसाचं हेल्मेट पाण्यात पडलंय. तो खडकावर पालथा पडून छत्रीनं ते ओढतोय."

"मग?"

"बायको मागून त्याचे पाय धरून उभी आहे. शिव्या देतेय. अरे देवा, छत्री उघडली! हेल्मेट आणखी लांब गेलं!"

ओमा इतक्या हसल्या की केळं खाली पडलं. मी सांगत राहिले, त्या विचारत राहिल्या. शेवटी सेल्व्ही ओरडली, "विमान!" आणि आम्ही सगळं तसंच टाकून पळालो.

विमानतळाच्या दारापुढे फक्त प्रवाशांना सोडतात. ओमांनी माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, नाकावर जरा जास्त वेळ थांबल्या, आणि सेल्व्हीचा हात धरून रांगेत लागल्या. तिकीट बघणाऱ्यासमोर पोचल्या आणि एकदम मागे वळल्या. लांबच्या माणसासाठीच्या त्या आवाजात विचारलं, "मेईती! मिळालं का गं त्याला हेल्मेट?"

मला कुठे माहीत? आम्ही तर निघून आलो होतो. वर्गात मी नेहमी सांगते, माहीत नसेल तर सरळ 'माहीत नाही' म्हणावं. मी तेच म्हणायला तोंड उघडलं.

"मिळालं!" मी ओरडले. "पण आत खेकडा बसला होता! निघायलाच तयार नाही!"

आजूबाजूचे लोक बघायला लागले. योचेनं डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली.

"मग?" ओमा.

"मग बायकोनं नवऱ्याला सोडलं आणि खेकड्याशी भांडण काढलं!"

"खेकडा काय म्हणाला?"

"म्हणाला, हे माझं घर आहे, छत्री घेऊन आलात कशाला?"

रांग खोळंबली होती. तिकीट बघणारा गणवेशातला माणूस ओमांना म्हणाला, "पुढे व्हा, ओमा, मागे लोक आहेत." ओमा हसत आत गेल्या. त्यानं पुढच्या माणसाचं तिकीट हातात घेतलं, पण बघितलं नाही. माझ्याकडे वळून हळूच म्हणाला,

"पण बाई, जिंकलं कोण?"